मेंदूज्वर झालेला म्हणून पोरगं विसरतंय का? आधी कान तपासा

पत्र :
मॅडम नमस्कार. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत आहे. अडीच वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झालेला, पाठीतलं पाणी तपासलं त्यात न्यूमोकॉकस नावाचा जंतू निघाला, १४ दिवस ॲडमिट होता. पहिल्याच दिवशी एक फिट आलेली, नंतर परत कधी आली नाही. घरी आल्यावर महिन्याभरात पूर्वीसारखा पळायला-खेळायला लागला. आता प्रॉब्लेम असा की वर्गात बाई सांगतात ते विसरतो, गृहपाठ काय दिलाय ते सांगता येत नाही, श्रुतलेखनात शब्दच्या शब्द गाळतो, १३ च्या पुढचे पाढे तोंडी राहत नाहीत. पावसाळ्यात तर लई होतं, वर्गावर पत्रा आहे, त्याला सर्दीपण सारखी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये शाळेतनं तक्रार ठरलेली. पण फुटबॉलचं विचारा, वडिलांबरोबर शाहू स्टेडियमला बघितलेली मागच्या सीझनची मॅच, गोल कुणी मारला, आम्ही कुठं बसलेलो, सगळं पाठ. सासूबाई म्हणतात डोक्यात ताप गेलेला, आता असंच राहणार. मी नेटवर वाचलं की लहानपणी इन्फेक्शन झालं की मोठेपणी परत आजारी पडल्यावर मेमरी जाते असं उंदरांवर सिद्ध झालंय, तेव्हापासून त्याला शिंक आली तरी माझ्या पोटात गोळा येतो. एमआरआय करू का? एका क्लासवाल्यांनी मेमरी वाढवायचा कोर्स सांगितलाय, १८ हजार म्हणतात. डिस्चार्ज कार्डावर कानाची तपासणी लिहिलेली पण तो चांगला बोलत होता म्हणून राहून गेली. धाकटी ८ महिन्यांची आहे, तिचीपण भीती वाटते.
— एक आई

ताई,

तुम्ही पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटून दुसऱ्या वाक्यात लिहिलीय, म्हणून मी तिथूनच सुरू करते. एमआरआय बाजूला ठेवा, कोर्स बाजूला ठेवा, उंदीरसुद्धा जरा वेळ बाजूला ठेवा. ती कानाची तपासणी करून घ्या, या आठवड्यातच.

बॅक्टेरियामुळे झालेल्या मेंदूज्वरातनं जी मुलं बाहेर येतात त्यांच्यात मागं राहणारी सगळ्यात कॉमन अडचण कुठली, तर ऐकू कमी येणं. साधारण दहातल्या एका मुलाला ती कमी-जास्त प्रमाणात राहते आणि न्यूमोकॉकस असेल तर त्याहून जास्त मुलांना. कारण असं की मेंदूभोवती जे पाणी असतं त्याचा आतल्या कानाशी एका बारीक नळीतनं संबंध असतो, तिकडनं जंतू आणि त्यांच्यामागनं येणारी सूज थेट कॉक्लियापर्यंत, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागापर्यंत पोचते, आणि तिथल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत. म्हणून डिस्चार्जच्या वेळी किंवा त्यानंतर चार आठवड्यांच्या आत कान तपासायचे असा नियम आहे, तुमच्या कार्डावर ते उगीच लिहिलेलं नव्हतं. घाई एवढ्यासाठी की काही मुलांच्या कॉक्लियात नंतर हाड धरायला लागतं आणि मग ऐकू येण्यासाठी इम्प्लांट, म्हणजे कानातलं यंत्र बसवायचं म्हटलं तर अवघड होऊन बसतं.

आता तुम्ही म्हणाल, तो तर बोलायला एकदम चांगला होता. बरोबर आहे, आणि नेमकं तिथंच घरचे फसतात, एकटे तुम्हीच नाही. एक कान चांगला असेल तर मूल छान बोलतं, हाक मारली की वळतं, टीव्ही बघतं, घरात कुणाला शंकासुद्धा येत नाही. एका कानाचा घोटाळा बाहेर येतो तो गोंगाटात. शांत खोलीत आई समोर बसून बोलतीय तेव्हा सगळं कळतं, आणि चाळीस पोरांच्या वर्गात बाई फळ्याकडं तोंड करून गृहपाठ सांगतायत, पंखा घरघरतोय, शेजारचा बडबडतोय, तेव्हा अर्धी वाक्यं गळून जातात. जी वाक्यं पोचली ती जोडून घेता घेता पोरगं दमतं, आणि दमलं की लक्षच सोडून देतं.

तुमचं पत्र आता या नजरेनं परत वाचा बघू. श्रुतलेखनात शब्दच्या शब्द गाळतो, म्हणजे चुकीचा लिहीत नाही तर लिहीतच नाही. पावसाळ्यात वाढतं. आपल्याकडचा जुलैचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, तिथं एका कानावर भागवणाऱ्या पोराचं काय होत असेल? आणि वर सर्दी. सर्दीत बऱ्याच मुलांच्या कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं आणि जो कान चांगला आहे तोपण काही आठवडे मंद होतो. भांड्यात पाणी पडलंच नसेल तर भांडं गळतंय असं कसं म्हणायचं? मला तुमच्या पत्रात विसरण्यापेक्षा न पोचण्याची लक्षणं जास्त दिसतात. अर्थात मी पत्र वाचून सांगतेय, कान बघून नाही, म्हणून तर तपासणीचा एवढा आग्रह.

आता फुटबॉल. ते वाक्य तुम्ही सहज लिहिलंत पण मला त्यानंच सगळ्यात धीर आला, का ते नीट सांगते.

आठवण साठवायचं काम मेंदूत ज्या भागापासून सुरू होतं त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात, दोन्ही बाजूला कानाच्या वरच्या अंगाला आत खोल असतो. तो भाग एवढा महत्त्वाचा आहे हे जगाला कळलं ते अमेरिकेतल्या हेन्री मोलायसन नावाच्या माणसामुळं. १९५३ मध्ये फिट थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूचा दोन्हीकडचा तो भाग ऑपरेशनमध्ये काढला, आणि त्यानंतर तो माणूस नवीन काहीच लक्षात ठेवू शकेना, आत्ता भेटलेला डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आला तर त्याला नवखा वाटायचा. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं, आज आपल्याला आठवणीबद्दल जे माहितीय त्यातलं बरंच त्यातनं आलंय.

पण तो मोठा माणूस होता. लहानपणीच हिप्पोकॅम्पसला इजा झाली तर काय होतं? लंडनमध्ये फरानेह वर्गा-खादेम आणि त्यांच्या टीमनं १९९७ मध्ये अशा तिघांबद्दल लिहिलं. एकाला जन्मतःच इजा झालेली, एकाला चौथ्या वर्षी, एकाला नवव्या. आणि निघालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. ही मुलं साध्या शाळेत गेली, वाचायला-लिहायला शिकली, शब्दांचे अर्थ, सामान्यज्ञान हे सगळं बऱ्यापैकी जमलं. त्यांना जमत नव्हतं ते रोजचं, म्हणजे सकाळी काय झालं, वस्तू कुठं ठेवली, ठरलेली वेळ काय होती, काल टीव्हीवर काय बघितलं. घडलेल्या गोष्टीच राहत नव्हत्या.

आणि तुमचा मुलगा काय करतोय? मागच्या सीझनची मॅच, गोल कुणी मारला, आपण कुठं बसलेलो, म्हणजे प्रसंग, जागा आणि माणसं एकत्र बांधून तो वर्षभर सांभाळतोय. हे हिप्पोकॅम्पसचं खास काम आहे आणि ते तो झकास करतोय. लहानपणी तो भाग मोठा खराब झालेल्या मुलांचं जे चित्र असतं त्याच्या हे बरोबर उलटं आहे. पेठेत राहून फुटबॉल पाठ असणं यात काय विशेष असं सासूबाई म्हणतील, त्यांना सांगा की विशेष आहे, आणि या प्रश्नात तर फारच आहे.

आता उंदीर. तुम्ही वाचलं ते खोटं नाही, तो खरा आणि चांगला अभ्यास आहे, फक्त त्यातनं तुमच्यापर्यंत जे आलं ते अर्धंच आलं. स्टेसी बिल्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात केलेलं हे काम, २००५ च्या आसपासचं. उंदराच्या पिल्लांना जन्मानंतर चौथ्या दिवशी ई. कोलाय या बॅक्टेरियाचं इन्फेक्शन दिलं. पिल्लं बरी झाली, मोठी झाली. मग त्यांना एक नवीन जागा ओळखायला शिकवलं आणि शिकवायच्या वेळेलाच शरीराला इन्फेक्शन झाल्यासारखं वाटेल असं बॅक्टेरियाच्या आवरणातलं द्रव्य टोचलं. ज्यांना लहानपणी इन्फेक्शन झालेलं त्यांची ती आठवण कच्ची राहिली. इथपर्यंत तुम्ही वाचलंत.

पुढचं असं. लहानपणी इन्फेक्शन झालेले पण मोठेपणी ते द्रव्य न टोचलेले उंदीर इतरांसारखेच शिकले. म्हणजे मेंदूची शिकायची ताकद गेलेली नव्हती. मग बदललं काय होतं? मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, संरक्षण आणि साफसफाई दोन्ही त्यांच्याकडं, त्या लहानपणच्या इन्फेक्शननंतर जरा जास्तच तयारीत राहिल्या होत्या आणि दुसऱ्या वेळी त्यांनी इंटरल्युकिन-१ बीटा नावाचं सूज आणणारं रसायन प्रमाणाबाहेर सोडलं. हे रसायन थोडं असेल तर आठवण पक्की व्हायला लागतंच, जास्त झालं की अडवतं. आणि ते तयार व्हायची वाट औषधानं अडवली तेव्हा त्याच उंदरांची आठवण नीट राहिली. त्या संशोधनातला माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हाच, की अडथळा तात्पुरता होता आणि तो रोखता आला.

शिवाय उंदराचं पिल्लू फार अपुरं जन्मतं, चौथ्या दिवसाचा त्याचा मेंदू माणसाच्या पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाळाच्या मेंदूशी साधारण जुळतो असं धरतात. तुमचा मुलगा अडीच वर्षांचा होता, जंतू वेगळा, आजार वेगळा, उपचार झालेले. त्या अभ्यासातनं तुमच्या पोराला शिंक आली की त्याचा एक धडा पुसला जाणार असं काही निघत नाही. तापात कुठल्याही पोराचं डोकं चालत नाही, शरीरच सूज आणणारी रसायनं सोडून त्याला झोपवत असतं, भूक मारत असतं, त्या दोन दिवसांत पाठांतर करून घ्यायचं नाही एवढंच. ताप उतरला की डोकंही जागेवर येतं.

असंच दुसरं एक काम आहे, रॉबिन क्लाइन यांच्या लॅबमधलं, २०१६ चं, ते तुमच्या वाचनात आलं तर परत घाबराल म्हणून आधीच सांगून ठेवते. वेस्ट नाईल व्हायरसनं मेंदूला सूज येऊन वाचलेल्या उंदरांमध्ये मायक्रोग्लियांनी पेशी-पेशींमधले जोड, ज्यांना सिनॅप्स म्हणतात, ते हिप्पोकॅम्पसमध्ये खाऊन टाकले आणि म्हणून आठवण कमी झाली असं त्यात दिसलं. तिथंसुद्धा ती साखळी तोडली तर जोड वाचतात असं आढळलं. ही माणसं हा सगळा खटाटोप इलाज सापडावा म्हणून करतायत ताई, आणि आपण घरी बसून ते निकाल म्हणून वाचतो, वाईट वाटतं मला.

पण मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. बॅक्टेरियाचा मेंदूज्वर हा हलका आजार नाही. त्यात हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट गायरस नावाच्या पट्ट्यातल्या पेशी मरतात हे प्राण्यांमध्येही दिसलंय आणि या आजारानं गेलेल्या माणसांच्या मेंदूतही. वाचलेल्या मुलांना पुढं लक्ष टिकवायला, अभ्यासाचा वेग राखायला इतर मुलांपेक्षा जास्त अडचण येते हेही खरं आहे, काही वेळा ते चौथी-पाचवीत अभ्यास वाढल्यावरच दिसतं. म्हणून कानाचा रिपोर्ट नॉर्मल आला तर विषय संपला असं करायचं नाही. मग पुढची पायरी म्हणजे मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवणं आणि सायकॉलॉजिस्टकडनं नीट तपासणी, त्यात आयक्यू एकटा नाही तर लक्ष, ऐकलेलं लक्षात राहणं, बघितलेलं लक्षात राहणं आणि वाचन-गणित हे वेगवेगळं मोजतात. पाढे आणि श्रुतलेखन अडतंय म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण असू शकते, तिचा मेंदूज्वराशी काही संबंध नसतानासुद्धा.

एमआरआय आत्ता स्वतःहून करू नका. त्यात जखम, पाणी साठणं, गाठ असलं दिसतं, मूल पाढे का विसरतं ते दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तरी तुमचा प्रश्न तसाच राहणार, आणि एखादा बारीक पांढरा ठिपका दिसला की वर्षभर झोप उडणार. परत फिट आली, बघता बघता काही सेकंद हरवल्यासारखा होऊ लागला, चालताना तोल जाऊ लागला, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होऊ लागली, येत होतं तेच विसरत चाललाय असं वाटलं, तर मात्र थांबायचं नाही, लगेच डॉक्टर, आणि मग एमआरआय करायचा की ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, ते ठरवतील. त्या वेळची एक फिट आजाराच्या पहिल्याच दिवशी आली आणि सहा-साडेसहा वर्षांत परत आली नाही, ही चांगली गोष्ट आहे, डॉक्टरांना ती तशीच सांगा.

कानासाठी सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्याच्या कान-नाक-घसा विभागात जा किंवा तुमच्या ओळखीच्या ईएनटीकडं, पण ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू किती येतं ते मोजणारे तज्ज्ञ असतील तिथं. नुसतं दुर्बिणीनं कान बघून "साफ आहे" म्हटलं तर परत येऊ नका, आतल्या कानातलं बाहेरनं दिसत नाही. प्युअर टोन ऑडिओमेट्री करायची, दोन्ही कानांची वेगवेगळी, हेडफोन लावून आवाज आला की बटण दाबायचं असतं, ९ वर्षांचा मुलगा आरामात करतो, दुखत नाही काही नाही. त्याबरोबर टिम्पॅनोमेट्री, त्यात पडद्यामागं पाणी आहे का ते कळतं. बेरा ही झोपवून करायची टेस्ट जास्त करून तान्ह्या मुलांची, याला लागेलच असं नाही. जुनं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या आणि न्यूमोकॉकल मेंदूज्वर झालेला हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर सर्दीचं औषध घेऊन घरी याल. तिथंच एकदा डोळे आणि हिमोग्लोबिनपण होऊन जाऊ दे. लोह कमी असेल तर लक्ष आणि आठवण दोन्हीवर परिणाम होतो आणि आपल्याकडं ते फार कॉमन आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना ॲनिमिया निघालेला. शाळेत सरकारी आरबीएसकेचं पथक येतं ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, त्यात कानापासून ॲनिमियापर्यंत सगळं बघायचं असतं आणि पुढचे उपचार १८ वर्षांपर्यंत मोफत असतात, मुख्याध्यापकांना त्याबद्दल विचारा.

रिपोर्ट यायची वाट न बघता उद्याच करण्यासारखं एक आहे. वर्गशिक्षिकांना भेटा, तक्रार ऐकायला नाही तर सांगायला. त्याला पहिल्या-दुसऱ्या बाकावर बसवा म्हणावं, पंख्याखाली आणि खिडकीशेजारी नको, गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहा, आणि सांगितलेलं त्याच्याकडनं एकदा वदवून घ्या. एक कान कमी निघाला तर चांगला कान बाईंच्या बाजूला येईल अशी जागा द्यायची. महिनाभरात एवढ्यानंच फरक पडला तर तुमचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं.

पाढ्यांचं म्हणाल तर ऐकून ऐकून पाठ करायची पद्धत याच्यासाठी सध्या बंद करा. समोर बसून, त्याला तुमचं तोंड दिसेल असं, एका वेळी चारच ओळी, लिहून आणि बोलून. मग कागद झाकून विचारा, थोड्या वेळानं परत, दुसऱ्या दिवशी परत, चार दिवसांनी परत. नुसतं दहा वेळा वाचण्यापेक्षा आठवायला लावल्यानं जास्त पक्कं बसतं, यावर भरपूर अभ्यास झालेत. आणि रात्रीची झोप, या वयाला ९ ते १२ तास लागते, दिवसा शिकलेलं पक्कं व्हायचं काम झोपेत होतं, ११ पर्यंत मोबाईल आणि ६ ला स्कॉलरशिपचा जादा तास हे गणित जमत नाही.

त्या १८ हजारांच्या कोर्सला सरळ नाही म्हणा. डोळ्यावर पट्टी बांधून वाचायला शिकवतो, मेंदूचा झोपलेला भाग जागा करतो असले दावे करणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, त्यामागं शास्त्राचा काडीचा आधार नाही, आणि जे घाबरलेल्या आईला गाठून पैसे मागतात त्यांचा मला मनापासून राग येतो. त्यातल्या थोड्या पैशात सगळ्या तपासण्या होतात.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांनी नातवाला ते १४ दिवस पडून असलेलं बघितलंय, ती भीती अजून त्यांच्या बोलण्यात आहे. पण एक नक्की सांगा, की "डोक्यात ताप गेलाय" हे त्याच्यासमोर परत बोलायचं नाही. ९ वर्षांच्या पोराला सगळं कळतं, आपल्या डोक्यात बिघाड आहे असं एकदा त्यानं धरलं की येत असलेलं उत्तरसुद्धा तो देणार नाही. त्यांना जमलं तर कानाच्या तपासणीला बरोबरच न्या, नातू हेडफोन घालून बटण दाबतोय हे त्यांनीपण बघू दे.

आणि तुम्ही स्वतःला लावून घेतलंय ते सोडा. तो तान्हा होता तेव्हा न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस आपल्याकडं सरकारी दवाखान्यात मिळतच नव्हती. ती २०१७ मध्ये हिमाचल, उत्तर प्रदेश, बिहारपासून टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आणि सगळ्या देशात आली ती २०२१ मध्ये. धाकटीला मात्र ती फुकट आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने असे तीन डोस. तिचं कार्ड काढून बघा, पहिले दोन झालेत का. हिब नावाच्या जंतूपासनं वाचवणारी लस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांच्या एकत्र लसीत येते, तिचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झालेत का तेपण बघा. आणि ९ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाच्या दिवशीच पीसीव्हीचा तिसरा डोस असतो. एखादा राहिला असेल तर आशाताईंना किंवा वॉर्डातल्या दवाखान्यात विचारा, वेळ गेली म्हणून सोडून द्यायचा नसतो, तिच्या वयाप्रमाणं पुढं घेता येतो का ते त्या सांगतील.

ऑडिओमेट्रीचा कागद हातात आला की मला परत लिहा, दोन्ही कानांचे आकडे लिहून पाठवा, म्हणजे शाळेत नेमकं काय मागायचं ते आपण त्यावरनं ठरवू.